न शिवलेला बेस: १९०८ची पेनंट शर्यत नेमकी कुठे फिरली?

२०१६च्या नोव्हेंबरमध्ये शिकागो कब्ज हा बेसबॉल संघ विश्वविजेता झाला आणि ‘१०८ वर्षांनी’ ही बातमी जगभर फिरली. अमेरिकेतल्या भाचे-पुतण्यांनी निळ्या टोप्या घातलेले फोटो पाठवले, आपण अंगठा दाखवून मोकळे झालो. पण १०८ वर्षांपूर्वी, म्हणजे १९०८ साली, हा संघ जिंकला कसा, असं कुणा जुन्या बेसबॉलवेड्याला विचारून पाहा. तो आधी हसेल आणि मग एकच नाव घेईल: फ्रेड मर्कल. हा मर्कल कब्जचा नव्हताच, समोरच्या संघाचा होता. वय १९. जिंकलेल्या सामन्यातून तो पळत ड्रेसिंग रूमकडे गेला आणि सामना जिंकलेला राहिला नाही.

क्रिकेटवर वाढलेल्या माणसाला हा किस्सा पहिल्यांदा ऐकून अजिबात कळत नाही. धाव झाली, प्रेक्षक मैदानात आले, मग निकाल फिरला कसा? २३ सप्टेंबर १९०८ची ती दुपार समजून घ्यायची तर थोडा खेळ समजायला हवा आणि थोडं गुणतक्त्याचं गणित.

कामापुरता बेसबॉल

मैदानात एका चौकोनाचे चार कोपरे आखलेले असतात. एका कोपऱ्यावर फलंदाज उभा राहतो, ती होम प्लेट. उरलेले तीन कोपरे म्हणजे पहिला, दुसरा आणि तिसरा बेस. चेंडू टोलवला की फलंदाजानं पहिल्या बेसकडे पळायचं आणि पुढच्यांच्या फटक्यांवर एकेक कोपरा शिवत परत होम प्लेटला यायचं. आला, की एक धाव. तिघं बाद झाले की दुसऱ्या संघाची पाळी. असे नऊ डाव. क्रिकेटमध्ये पळणारे दोघंच असतात. इथे तिन्ही बेसवर एकेक जण उभा असू शकतो, मात्र एका बेसवर दोघांना जागा नाही. सगळं रामायण या शेवटच्या अटीतून घडलं.

फलंदाज पहिल्या बेसकडे धावत येतोय म्हटल्यावर तिथे आधीच उभ्या असलेल्या गड्याला दुसऱ्याकडे जावंच लागतं. तो पोचायच्या आत क्षेत्ररक्षकानं हातात चेंडू घेऊन दुसरा बेस नुसता शिवला, तरी तो गडी बाद. याला ‘फोर्स आऊट’ म्हणतात. आणि डावातला तिसरा गडी असा फोर्स आऊट झाला, तर त्या चेंडूवर निघालेली धाव धरत नाहीत. ती दोन सेकंद आधी निघाली होती की दहा, याला अर्थ नाही.

त्या काळाबद्दल आणखी एक गोष्ट. धावा फार कमी निघत. १९०८च्या मोसमात एका संघाची एका सामन्यातली सरासरी साडेतीन धावांच्याही खाली होती. चेंडू शक्यतो बदलत नसत. मातीनं, थुंकीनं, तंबाखूनं काळा पडलेला मऊ चेंडू सामना संपेपर्यंत चाले आणि त्यावर थुंकी लावून टाकणंही नियमात बसत होतं. अशा खेळात एक धाव म्हणजे केवढी मोठी गोष्ट!

पेनंट कशाला म्हणतात, आणि टक्केवारी का मोजायची?

तेव्हा दोन लीग होत्या, नॅशनल आणि अमेरिकन. प्रत्येकीत आठ संघ. प्रत्येक संघानं उरलेल्या सातांशी २२-२२ सामने खेळायचे, एकूण १५४. एप्रिलमध्ये सुरू झालेला हा रगाडा ऑक्टोबरच्या पहिल्या आठवड्यात संपे. लीगमध्ये पहिला येणाऱ्याला पेनंट, म्हणजे विजेत्याचा झेंडा मिळे आणि दोन पेनंटवाले वर्ल्ड सिरीजमध्ये भिडत. आयपीएलमध्ये चौथा आलेला संघही करंडक उचलण्याची आशा धरू शकतो. तिथे दुसरा आलेला सरळ घरी जाई. प्लेऑफ हा प्रकारच नव्हता.

गोची अशी की सगळ्यांचे १५४ सामने पूर्ण होतीलच असं नसे. पाऊस येई. मैदानावर दिवे नव्हते, त्यामुळे अंधार पडला की खेळ बंद आणि धावा सारख्या असतील तर सामना बरोबरीत. ही बरोबरी गुणतक्त्यात धरत नसत. मग कमी-जास्त सामने खेळलेल्या संघांची तुलना करायची तर जिंकलेले सामने भागिले निकाल लागलेले सामने, एवढाच मार्ग उरतो.

२२ सप्टेंबरच्या रात्री नॅशनल लीगचा तक्ता असा होता: न्यूयॉर्क जायंट्स ८७ विजय, ५० पराभव, म्हणजे ०.६३५. शिकागो कब्ज ९० विजय, ५३ पराभव, म्हणजे ०.६२९. पिट्सबर्ग पायरेट्स ८८ आणि ५४, तेही हाकेच्या अंतरावर. त्याच दिवशी शिकागोनं न्यूयॉर्कला त्यांच्याच मैदानावर एकापाठोपाठ दोन सामन्यांत हरवलं होतं. पाच महिन्यांच्या धावपळीनंतर पहिला आणि दुसरा यांच्यातला फरक दशांशाच्या तिसऱ्या घरात जाऊन बसला होता.

त्या दिवशी काय झालं

स्थळ न्यूयॉर्कचं पोलो ग्राउंड्स. जायंट्सचा पिचर, म्हणजे चेंडू टाकणारा, क्रिस्टी मॅथ्यूसन, त्या पिढीतला सर्वोत्तम म्हणावा असा. समोर शिकागोचा डावखुरा जॅक फीस्टर. जायंट्सचा नेहमीचा पहिला बेसवाला फ्रेड टेनी पाठदुखीनं बसला होता, म्हणून मर्कलला उतरवलं. त्या मोसमात पहिल्या चेंडूपासून खेळायची त्याची ही पहिलीच वेळ.

पाचव्या डावात शिकागोच्या जो टिंकरनं होम रन मारला, म्हणजे एकाच फटक्यावर सगळे बेस फिरून धाव काढली, तीही चेंडू मैदानाबाहेर न जाता, पळून. सहाव्यात न्यूयॉर्कनं बरोबरी साधली. १-१. मग नवव्या डावाचा उत्तरार्ध, न्यूयॉर्कची फलंदाजी, दोन बाद. पहिल्या बेसवर मॅकॉर्मिक. मर्कलनं उजवीकडे झकास फटका मारला, मॅकॉर्मिक तिसऱ्यावर गेला, मर्कल पहिल्यावर थांबला. हेही लक्षात ठेवायला हवं. मर्कलचा तो फटका नसता, तर पुढचं काहीच घडलं नसतं.

आता फलंदाज अल ब्रिडवेल. त्यानं पहिलाच चेंडू मधोमध असा सणसणीत हाणला की मैदानातले अंपायर बॉब एम्स्ली तो चुकवायला जमिनीवर पडले. मॅकॉर्मिक आरामात होम प्लेटवर आला. २-१. न्यूयॉर्कभर जल्लोष.

त्या काळी सामना संपला की प्रेक्षक मैदानातूनच बाहेर पडत. पोलो ग्राउंड्सची खेळाडूंची खोली थेट मैदानाच्या पार टोकाला होती. हजारो माणसं अंगावर येताना दिसली की खेळाडू तिकडे धूम ठोकत. मर्कलनंही तेच केलं. दुसऱ्या बेसच्या वाटेवर असताना तो वळला आणि ड्रेसिंग रूमच्या दिशेनं पळाला. बेस न शिवता.

शिकागोचा दुसरा बेसवाला जॉनी ईव्हर्स ओरडून चेंडू मागत होता. सॉली हॉफमननं तो परत फेकला. तेवढ्यात न्यूयॉर्कचा जो मॅगिनिटी, जो तेव्हा तिसऱ्या बेसजवळ कोच म्हणून उभा होता, त्याला काय शिजतंय ते कळलं. त्यानं मध्येच चेंडू पकडून गर्दीत भिरकावला. पुढचे क्षण कुणालाच धड सांगता आले नाहीत. शिकागोच्या खेळाडूंनी गर्दीतून एक चेंडू मिळवला आणि तो हातात घेऊन ईव्हर्स दुसऱ्या बेसवर उभा राहिला. तोच चेंडू होता का? देव जाणे.

एम्स्ली म्हणाले, मी पडलो होतो, मी काही पाहिलं नाही. प्लेटमागचे अंपायर हँक ओडे यांनी मात्र मर्कलला बाद दिलं. तिसरा गडी, फोर्स आऊट. धाव रद्द. १-१.

पण धाव आधीच पूर्ण झाली होती ना?

हा आक्षेप सगळ्यात आधी येतो. उत्तर आपल्या क्रिकेटमध्येच आहे. शेवटच्या चेंडूवर एक धाव हवी आहे, फलंदाजानं चेंडू ढकलला, तो पलीकडे पोचला. पण दुसरा फलंदाज आनंदानं अर्ध्या वाटेवरून पॅव्हेलियनकडे वळला. धाव झाली का? नाही. दोघंही आपापल्या टोकाला पोचल्याशिवाय क्रिकेटची धाव पुरी होत नाही. क्षेत्ररक्षकानं शुद्ध राखून बेल उडवल्या, तर जिंकणारी ती धाव गेली. मर्कलचं नेमकं तेच झालं. फटका मारणाऱ्याला, धाव काढणाऱ्याला आणि पहिल्या बेसवरच्या तिसऱ्याला, सगळ्यांनाच आपापली वाट पूर्ण करायची होती.

म्हणजे नियमाच्या अक्षराला धरून ओडे बरोबर होते. माझं मतही तेच आहे. पण नियम बरोबर म्हणून मर्कल मूर्ख, हे त्यातून निघत नाही, आणि लोकांनी मात्र नेमकं तेच काढलं.

सगळेच असं करत होते, मग याच्यावरच का?

हा आक्षेप जास्त वजनदार आहे. शेवटच्या फटक्यावर धाव निघाली की बाकीच्या बेसवाल्यांनी अर्ध्यातून वळून पळणं ही तेव्हाची सर्रास रीत होती. नियम पुस्तकात होता, वापरात नव्हता.

तो वापरात आणायची तयारी १९ दिवस आधी झाली होती. ४ सप्टेंबरला पिट्सबर्गमध्ये शिकागोचा सामना होता. दहाव्या डावात पायरेट्सच्या फटक्यावर एकमेव धाव निघाली आणि पहिल्या बेसवरचा वॉरन गिल दुसरा बेस न शिवताच वळला. ईव्हर्सनं चेंडू मागून बेस शिवला आणि अपील केलं. त्या दिवशी मैदानात एकच अंपायर होते, आणि ते कोण? हेच हँक ओडे. ते म्हणाले, मी धावेकडे पाहत होतो, गिलकडे नव्हतो. पिट्सबर्ग जिंकलं. शिकागोनं लीगकडे तक्रार केली, ती फेटाळली गेली. पण ओडे यांच्या डोक्यात मुद्दा बसला. पुढच्या वेळी पाहायचं.

पुढची वेळ मर्कलवर आली.

आपल्याला इथे विनू मंकड आठवायला हरकत नाही. डिसेंबर १९४७ मध्ये सिडनी कसोटीत त्यांनी चेंडू टाकण्याआधीच क्रीज सोडणाऱ्या बिल ब्राऊनला धावबाद केलं आणि तिथल्या वर्तमानपत्रांनी झोड उठवली. तो नियमही पुस्तकात होताच, आणि त्याच दौऱ्यात आधीच्या एका सामन्यात मंकडांनी याच ब्राऊनला असंच बाद केलं होतं. ब्राऊनला निदान स्वतःचा अनुभव होता. पिट्सबर्गमध्ये गिलचं काय झालं, याची खबर मर्कलला कुणी दिली होती का? जायंट्सचा मॅनेजर जॉन मग्रॉ हा चलाख माणूस, ईव्हर्सचा डाव त्याला कळायला हवा होता. पोराला दोन शब्द सांगायची जबाबदारी कुणाची, असं विचारलं तर माझं बोट मग्रॉकडे जातं.

मग तिथेच पुढे का नाही खेळवलं?

मैदानात हजारो माणसं होती आणि उजेड चालला होता. ओडे यांनी खेळ पुढे नेणं अशक्य ठरवून सामना बरोबरीत सोडवला. न्यूयॉर्कचं म्हणणं, आम्ही जिंकलो. शिकागोचं म्हणणं, तुमच्या प्रेक्षकांनी आणि मॅगिनिटीनं खेळ बिघडवला, सामना आम्हाला द्या. नॅशनल लीगचे अध्यक्ष हॅरी पुलियम यांनी दोघांनाही नाही म्हटलं आणि बरोबरी कायम ठेवली. ऑक्टोबरच्या पहिल्या आठवड्यात लीगच्या संचालकांनी त्यावर शिक्कामोर्तब केलं: मोसमाअखेर दोघं बरोबरीत आले, तर हाच सामना ८ ऑक्टोबरला पुन्हा.

मर्कलमुळे पेनंट गेलं, हे खरं की नाही?

अर्धं खरं. तो सामना न्यूयॉर्कच्या खात्यात पडला असता तर ते ९९ विजय, ५५ पराभवांवर थांबले असते आणि पेनंट त्यांचं होतं, हे नाकारता येत नाही. पण हेच वाक्य आणखी कितीतरी सामन्यांबद्दल बोलता येतं. गुणतक्त्यात एप्रिलचा पराभव आणि सप्टेंबरचा पराभव यांचं वजन सारखं. आपल्याला फक्त शेवटचे लक्षात राहतात.

मर्कलच्या त्या दिवसानंतर आठवडाही उलटला नसेल, फिलाडेल्फियाच्या हॅरी कोव्हलेस्की नावाच्या नवख्या पिचरनं याच जायंट्सना पाच दिवसांत तीनदा हरवलं. तीनदा! पाच दिवसांत एकाच माणसानं! यातला एक सामना जरी न्यूयॉर्कनं खेचला असता, तरी मर्कलचं नाव आज कुणाला ठाऊक नसतं. त्या तीन पराभवांत चुकलेल्या न्यूयॉर्कच्या फलंदाजांना कुणी टोपणनाव दिलं नाही.

मग ४ ऑक्टोबर, रविवार. शिकागोत कब्ज विरुद्ध पायरेट्स. पिट्सबर्गनं हा सामना मारला असता तर पेनंट जवळपास त्यांच्या खिशात होतं. रेडिओ अजून यायचा होता. तारेनं बातमी येई आणि वर्तमानपत्रांच्या कचेऱ्यांबाहेर लावलेल्या फळ्यांवर एकेक चेंडूचा हिशेब मांडला जाई. रस्ते भरून माणसं त्या फळ्यांकडे माना वर करून उभी राहत. शिकागो ५-२नं जिंकलं. पिट्सबर्ग ९८-५६वर संपलं, अर्ध्या सामन्यानं मागे. न्यूयॉर्कनं मग बोस्टनविरुद्धचे उरलेले तिन्ही सामने जिंकले. दोघंही ९८-५५. जो सामना झाल्यासारखा नव्हता तो आता खेळावाच लागणार होता.

८ ऑक्टोबरला पोलो ग्राउंड्सवर एवढी गर्दी लोटली की दारं बंद करावी लागली. लोक मागच्या कड्यावर चढले, उंचावरून जाणाऱ्या रेल्वेच्या खांबांवर चढले. तिथून पडून एक जण मेला. शिकागोचा फीस्टर पहिल्याच डावात अडखळला, म्हणून मॉर्डेकाय ब्राऊन आला. लहानपणी शेतीच्या यंत्रात उजव्या हाताची बोटं गेलेला हा पिचर त्याच मोडक्या पंजानं चेंडू विलक्षण वळवायचा. तिसऱ्या डावात शिकागोनं मॅथ्यूसनला चार धावा ठोकल्या, त्याची सुरुवात टिंकरनं केली. निकाल ४-२. पेनंट शिकागोचं, आणि पाठोपाठ डेट्रॉइटला ४-१ हरवून वर्ल्ड सिरीजही. या सामन्यात मर्कल खेळलाच नाही. टेनी परतला होता.

दुसऱ्या लीगमध्येही अर्ध्या सामन्याचाच घोळ

त्याच वर्षी अमेरिकन लीगमध्ये डेट्रॉइट ९०-६३, क्लीव्हलँड ९०-६४. डेट्रॉइटचा एक सामना पावसात गेला तो परत खेळवलाच नाही, कारण तशी सक्ती नव्हती. तो खेळून ते हरले असते तर दोघं बरोबरीत आले असते. क्लीव्हलँडकरांनी २ ऑक्टोबरला काय केलं होतं पाहा. त्यांच्या अॅडी जॉसनं शिकागो व्हाईट सॉक्सचे २७ फलंदाज ओळीनं बाद केले, एकालाही पहिला बेस दिसू दिला नाही. समोर व्हाईट सॉक्सच्या एड वॉल्शनं १५ जणांना स्ट्राइकआऊट केलं, म्हणजे चेंडू मारूच न देता बाद केलं, आणि तरी १-०नं हरला. वॉल्शनं त्या मोसमात ४० सामने जिंकले. इतकं करून क्लीव्हलँडच्या हाती पेनंट नाही, न झालेल्या एका सामन्यामुळे. हा मला मर्कलच्या प्रकरणापेक्षा मोठा अन्याय वाटतो, पण त्याला चेहरा नाही म्हणून त्याची गोष्ट कुणी सांगत नाही. त्यानंतर नियम बदलला: पेनंटवर परिणाम होणार असेल तर राहिलेला सामना खेळवायचाच.

पुढे काय झालं?

मग्रॉनं मर्कलला कधी दोष दिला नाही, उलट पुढच्या मोसमात पगार वाढवला. मर्कल अनेक वर्षं चांगला खेळला, पाच वर्ल्ड सिरीजमध्ये उतरला आणि पाचही हरला. त्यातली एक तर खुद्द कब्जसाठी खेळताना. ‘बोनहेड’, म्हणजे आपल्या भाषेत मठ्ठ, हे नाव मात्र चिकटलं ते चिकटलंच. १९५० साली जुन्या खेळाडूंच्या मेळाव्यासाठी तो पोलो ग्राउंड्सवर परत आला, तेव्हा लोकांनी टाळ्या वाजवल्या. सहा वर्षांनी तो गेला.

पुलियम यांनी जुलै १९०९ मध्ये स्वतःवर गोळी झाडून घेतली. ते बरेच दिवस खचलेले होते. या एका निकालावर त्याचं खापर फोडणं योग्य नाही.

आज असं होऊ शकतं का?

८ ऑक्टोबरसारखा फेरसामना आता होणार नाही. मोसम १६२ सामन्यांचा झाला, पेनंटआधी प्लेऑफच्या पायऱ्या आल्या, आणि २०२२पासून दोन संघ बरोबरीत आले तर जादा सामना न खेळता आपसातल्या लढतींचा हिशेब पाहून निकाल लावतात.

बेस शिवायचा नियम मात्र तसाच आहे. १७ ऑक्टोबर १९९९ला न्यूयॉर्कच्याच मेट्स संघाच्या रॉबिन व्हेंचुरानं अटलांटाविरुद्ध पंधराव्या डावात तिन्ही बेस भरलेले असताना चेंडू कुंपणापार मारला. चार धावांचा फटका. पण दुसऱ्या बेसपर्यंत पोचायच्या आत त्याच्याच सहकाऱ्यानं त्याला मिठी मारून उचललं आणि मग अख्खा संघ अंगावर पडला. तिसऱ्या बेसवरचा गडी घरी पोचला होता, तेवढ्यानं विजय पक्का झाला. चेंडू मैदानाबाहेर गेलेला, त्यामुळे फोर्स आऊटचा प्रश्न नव्हता. मात्र व्हेंचुरा दुसऱ्या बेसपर्यंत पोचलाच नाही म्हणून धावफलकावर ४-३ असा निकाल आणि त्याच्या नावावर होम रनऐवजी एका बेसचा साधा फटका लागला. न्यूयॉर्कच्या प्रेक्षकांनी या वेळी कुणालाच मठ्ठ म्हटलं नाही. जिंकले होते ना.